मधले नाव

सातपूर, नाशिक
दि. ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय दीपमाला,

अनेक आशीर्वाद. माझी प्रकृती ठीक आहे. गुडघा जिना चढू देत नाही, त्यात नवीन काही नाही.

मागील महिन्यात येथील महाविद्यालयात तुझे व्याख्यान झाले, तेव्हा मी इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसलो होतो. बंगळूरच्या प्राध्यापिका म्हणून तुझी ओळख करून दिली, तेव्हा शेजारच्या गृहस्थांना मी न विचारताच सांगितले, 'कन्या आमची.' माणसाचे मन लक्षावधी वर्षांत कसे घडत आले, हा तुझा विषय. मला एवढे समजले की, बाप लेकरासाठी झिजतो तो आपले रक्त पुढे चालावे म्हणून. त्यावर मागून कोणी विचारले, 'मॅडम, मग सावत्र बाप जीव लावतो, ते कशापायी?' तू हसून म्हणालीस, 'काका, तो आईची मर्जी राखतो!' सभागृह हसले. टाळ्या मीही वाजवल्या. बोलणे तुझे होते ना.

तुझी आई जाऊन अकरा वर्षे झाली. तरी बुधवारी तुझा फोन येतो, म्हणून त्या दिवशी दुपारपासून मी घराबाहेर पडत नाही. ही आता कोणाची मर्जी, असे उभे राहून विचारावेसे वाटले. परंतु चारचौघांत तुला अडवणे योग्य नव्हते.

तू पाचवीत गेलीस, तेव्हा कारखान्यातून आल्यावर तुझे व्याकरणाचे पुस्तक मी गुपचूप वाचत असे. चौथीपुढचे माझे शिक्षण तेवढेच. पुढे तुला वसतिगृहावर पत्रे लिहावी लागतील, त्यांत चूक निघून तुला मैत्रिणींसमोर खाली पाहावे लागू नये, एवढीच इच्छा होती.

बापलेकींची लाळ तपासायची म्हणून तू जी नळी पाठवलीस, ती मी रिकामीच परत पाठवीत आहे. तुझ्या संशोधनात माझ्यामुळे खोटे शिरू नये. तू सात महिन्यांची असताना तुझे वडील चिमाजी काविळीने गेले. ते माझ्याच पाळीत कामाला होते. फार सरळ मनुष्य. वर्षाने मी वत्सलेशी लग्न केले. तुला कधी सांगायचे नाही, असा शब्द तिने माझ्याकडून घेतला होता. तो आज मोडतो आहे. शाळेत घालताना गुरुजींनी वडिलांचे नाव विचारले, तेव्हा क्षणभरही न थांबता मी माझे सांगितले. तेच तुझ्या नावाच्या मधोमध पदव्यांवर आणि पुस्तकांवर छापले गेले. ते ठेवायचे की खोडायचे, हे तू ठरव. आजवर पत्राखाली 'नाना' असे लिहीत आलो. तुझे उत्तर येईपर्यंत तसे लिहिणे बरे दिसत नाही.

तुझाच,
सावळीराम