चपलांची हजेरी

६ जानेवारी, सोमवार
नवीन वही. विषय एकच: अन्याय.
कॉलेजच्या फुटबॉल टीममध्ये हे माझं तिसरं आणि शेवटचं वर्ष. तीन वर्षांत मॅचमध्ये मिळालेली एकूण मिनिटं एकतीस. त्यातली नऊ मिनिटं समोरचा गोलकीपर पाय धरून पडला होता म्हणून खेळ बंद होता. म्हणजे बावीस. मी लेफ्ट विंगर आहे, तोही जन्मजात. डाव्या पायाने सही करू शकेन. तरी बाकावर.
माझ्या जागेवर खेळतो फ्लॉयड. फर्स्ट इयर. मिसरूड फुटलेलं नाही आणि चार मॅच पूर्ण खेळला. कारण सरळ आहे: तो मरोळ गावठाणातला, कोच मार्कस सर मरोळ गावठाणातले. सर त्याच्या आजीला ओळखतात.
गार्गीला हे सांगितलं. ती म्हणाली, सरांचा सख्खा भाचापण तुझ्याच शेजारी बाकावर बसतो ना? धाकट्या बहिणीला फुटबॉलमधलं काही कळत नाही.

९ जानेवारी, गुरुवार
सरांना लेखी अर्ज दिला. कोणाला किती वेळ खेळवायचं याचा नियम हवा, मर्जी नको. ‘ट्रान्सपरन्सी’ हा शब्द तीनदा वापरला. सरांनी तिथेच वाचला, घडी करून खिशात टाकला आणि म्हणाले, बरोबर बोलतोस रे. करतो नियम.
घाबरले.

११ जानेवारी, शनिवार
नियम आला. माझ्यामुळे आला, पण कोणी थँक्यू म्हटलं नाही.
सकाळच्या धावण्यावर मिनिटं मिळणार. आमच्याकडे जुनी पद्धत आहे. पोरं सहाच्या आत येतात, झेंड्याच्या खांबापासून चपला रांगेत काढतात, बूट चढवतात आणि पाच किलोमीटर धावायला बाहेर पडतात. सहाच्या ठोक्याला मैदान सांभाळणारे सहदेवमामा शेवटच्या जोडीमागे चुन्याची रेघ मारतात. सरांचे गुडघे गेलेत, म्हणून ते सव्वासहाला स्कूटरवरून येतात आणि रेघेच्या आतल्या चपला पाहून हजेरी लावतात आणि पोरं परतायच्या आत निघतात. कुठल्या चपला कोणाच्या हे त्यांना पाठ आहे.
सोमवारपासून मॅचपर्यंत, रविवार सोडून, तेवीस सकाळी. वीस भरल्या तर पूर्ण मॅच, सत्तर मिनिटं. दहा भरल्या तर अर्धी. दहाच्या खाली बाक. एका जागेवर दोघांच्या वीस भरल्या तर सीनियर आधी.
मॅच ८ फेब्रुवारीला, मुलुंडच्या कॉलेजशी. हरलो तर सीझन खलास. म्हणजे माझंही करिअर खलास.
निश्चय: तेवीसच्या तेवीस.

१३ जानेवारी, सोमवार
अलार्म पावणेपाचचा होता. संध्याकाळच्या पावणेपाचचा. वाजला, पण तेव्हा मी चहा पीत होतो.

१४ जानेवारी, मंगळवार
संक्रांत. सणाला कोण धावतं?
(एकवीस जण धावले.)

१५ जानेवारी, बुधवार
गेलो! घाटकोपरहून मेट्रो, मग पळत. पोचलो सहा वाजून चार मिनिटांनी. रेघ मारून झाली होती. मामांना म्हटलं, चार मिनिटं हो फक्त. ते म्हणाले, ‘रेघ म्हणजे रेघ, बाला.’ माणसाला अधिकार मिळाला की असं होतं.
तरी धावलो. साधारण निम्मं. मग कोपऱ्यावरच्या टपरीवर थांबलो, कारण रिकाम्या पोटी पुढे धावणं शास्त्रीय नाही. दोन कटिंग आणि एक खारी.
आता उरल्या वीस सकाळी आणि हव्यात वीस. एकही चुकून चालणार नाही. अशा वेळी गाढव जास्त मेहनत करतं, हुशार माणूस व्यवस्था करतो.

१५ जानेवारी, रात्री
व्यवस्था झाली. आईने दिवाळीत घेतलेल्या चपला अजून कोऱ्याच होत्या. तळाला आठ नंबरचा स्टिकरसुद्धा तसाच. संध्याकाळच्या प्रॅक्टिसला घालून सरांच्या नजरेस आणल्या आणि मग फ्लॉयडला दिल्या. तो रोज पावणेसहालाच येतो. स्वतःच्या काढताना बाजूला माझ्या ठेवायच्या, धावून आला की परत बॅगेत. त्याच्या बॅगेत जागा आहे. बदल्यात माझ्या फर्स्ट इयरच्या नोट्स.
त्याने चपला बॅगेत टाकल्या. मग म्हणाला, ‘पण दादा, धावणार नाय तर दम कुठून येईल तुला?’ मी म्हटलं, दम माझ्या रक्तातच आहे.
बाकीची पोरं बोलणार नाहीत. अर्ध्यांच्या जर्नल्स माझ्याकडून उतरवलेल्या आहेत.

(ता. क. आठवलं, प्रॅक्टिसच्या ठिकाणी त्या चपला घालून मैदानावर चाललोच नाही. बाइकवरून सोडायला आलेल्या मित्राने थेट बाकापाशी उतरवलं. नव्या वस्तूची काळजी घ्यावी.)

२० जानेवारी, सोमवार
व्यवस्था झकास. चार सकाळी भरल्या. साडेआठला उठलो. झोप हासुद्धा ट्रेनिंगचा भाग असतो, हे परदेशात मान्य आहे.

२३ जानेवारी, गुरुवार
आई नव्या चपला शोधत होती. सांगितलं, मैदानावर ठेवल्यात, तिथे रोज लागतात. तिला बरं वाटलं. म्हणाली, वापरतोस तरी.

२८ जानेवारी, मंगळवार
सकाळी पाचला फ्लॉयडचा फोन. माझी झोपमोड. म्हणाला, अंगात ताप आहे, आज नाही गेलो तर चालेल का?
त्याला शांतपणे समजावलं. तुझी एक गेली तरी तुझ्या बावीस होतात. माझी एक गेली तर एकोणीस, म्हणजे अर्धी मॅच. तुझ्या एका दिवसाच्या तापासाठी माझं तीन वर्षांचं स्वप्न? शेवटी ‘जातो’ म्हणाला.
गेला. दोन जोड्या ठेवल्या आणि धावलासुद्धा. याला म्हणतात टीम स्पिरिट. मी परत झोपलो.
संध्याकाळी त्याने विचारलं, नोट्स जुन्या सिलॅबसच्या आहेत का? म्हटलं, बेसिक कधी बदलत नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार
संध्याकाळच्या प्रॅक्टिसला दोन स्प्रिंट मारले आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. अंधेरीतली धूळ. बांधकामं किती चालू आहेत!
निश्चय: सोमवारपासून घराजवळ एकट्याने धावायचं. कोणाला न सांगता.

३ फेब्रुवारी, सोमवार
धावलो नाही. पण घोट्याचा पट्टा विकत आणला.

५ फेब्रुवारी, बुधवार
बाबांना सांगितलं, शनिवारी पूर्ण मॅच आहे माझी. ते पेपर वाचत होते. पेपर खाली ठेवला. तीन वर्षांत ते एकाही मॅचला आलेले नाहीत, कारण मीच दरवेळी काही ना काही सांगून टाळायचो. बाकावर बसलेला मुलगा बघायला कुर्ल्याच्या ऑफिसातून कशाला यायचं? या वेळी त्यांनी स्वतःच विचारलं, किती वाजता? हाफ डे टाकतो.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
वीस! बरोब्बर वीस.
सरांनी यादी वाचली. लेफ्ट विंगला आम्हा दोघांच्याही भरलेल्या. सीनियर आधी. मी आत, फ्लॉयड बाकावर. त्याने मान खाली घालून बॅगेची चेन लावली. लाजाळू पोरगा आहे.
बाबांनी माझी जर्सी स्वतः इस्त्री केली. कॉलरला दोनदा.

८ फेब्रुवारी, शनिवार, संध्याकाळी
क्रमाने लिहितो.
बाबा ऑफिसच्या कपड्यांतच आले. सरांशी हात मिळवला, विचारलं, कसा आहे आमचा? सर म्हणाले, ‘पोरगा वीस सकाळी आला साहेब. सहाच्या आत.’ बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ते कामाला निघतात तेव्हा मी रोज पांघरुणात असतो. डोळे बारीक केले होते त्यांनी. ऊन असेल.
पहिली पाच मिनिटं मी उत्तम खेळलो. बॉल माझ्याकडे आला नव्हता.
सहाव्या मिनिटाला त्यांचा राइट विंगर माझ्या बाजूने गेला. मी मागे धावलो. तो पोचला, मी नाही. गोल. अकराव्या मिनिटाला पुन्हा तोच, पुन्हा तिथूनच. मी या वेळी धावलोही नाही, कंबरेवर हात ठेवून उभा होतो. दुसरा गोल.
चौदाव्या मिनिटाला मी हात वर केला. मीच. कोणी बोलावलं नव्हतं. सरांनी विचारलं, कुठे दुखतंय? मी उजवी पोटरी दाखवली आणि डाव्या पायाने लंगडत बाहेर आलो.
फ्लॉयड आत गेला. छप्पन्न मिनिटं थांबला नाही. एक गोल त्याने मारला, एक खांबाला लागला. सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवत होतं. बाबासुद्धा. नंतर मला विचारलं, हा कोण रे? काय दम आहे!
दोन-एकने हरलो. सीझन खलास.
सरांना म्हटलं, सर, घोट्याचा पट्टा घट्ट झाला होता. ते म्हणाले, ‘नियम तूच मागितलास, मी पाळला. मी येडा, चपला मोजत बसलो.’ मग स्कूटरकडे वळले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
फ्लॉयडने बॅगेतून माझ्या चपला काढून दिल्या. ‘हे घे दादा. आता नाय लागणार.’ त्याचा चेहरा रडून लाल झाला होता. त्याला सॉरी म्हणणार होतो. तेवढ्यात बाबांनी हाक मारली. नाही, हे खोटं आहे. बाबा लांब उभे होते.
मेट्रोत बाबा आणि मी शेजारी बसलो.

९ फेब्रुवारी, रविवार
पहाटे पाचला जाग आली. अलार्म नव्हता. कुठे जायचंही नव्हतं.
सकाळी आईला दारात चपला दिसल्या. उचलून उलट्यापालट्या केल्या आणि खूश झाली. म्हणाली, बघा हो, महिनाभर रोज मैदानावर वापरल्या तरी स्टिकरसुद्धा निघाला नाही. किती जपून वापरतो पोरगा! गार्गी तोंडावर हात ठेवून आत गेली.
बाबांनी चपला आईच्या हातातून घेतल्या. तळ पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. ऊन नव्हतं, आम्ही घरात होतो.
ते खुर्चीवर बसले आणि अंगठ्याच्या नखाने तो आठ नंबरचा स्टिकर हळूहळू खरवडून काढला. दुसऱ्या चपलेचाही काढला. दोन्ही चपला माझ्या पायांपुढे ठेवल्या.
म्हणाले, घाल आता.