अम्मीचा आठवा हिस्सा

३ नोव्हेंबर, डिचोली
अब्बांचा चाळिसावा आटोपला. पाहुणे गेले, देगच्या घासून झाल्या, आणि भाईला धर्म आठवला. उभा जन्म खनिजाच्या ट्रकांवर गेला, रोजा कधी पुरता धरला नाही. आज मौलानांना सोबत घेऊनच आला. घर आणि मागचं भाट, नारळीची बाग, शरियतप्रमाणे वाटायचं म्हणे. अम्मीला आठवा हिस्सा. उरलेल्यातले दोन वाटे त्याला, एक मला.
मी म्हटलं, "भाई, गोव्यात सगळ्यांना एकच कायदा. अर्धं अम्मीचं. राहिलेल्या अर्ध्यात तू नि मी सारखे."
"तो पोर्तुगीजांचा कायदा."
"पावही त्यांचाच. रोज चहात बुडवतोस तो?"
मौलाना हसले. भाई नाही.

६ नोव्हें.
धर्माचं कारण कळलं. बिल्डर भाट बघून गेलाय. घरासकट हवंय.
अम्मीचं मागणं एकच: मागची खोली आणि बांय. त्या विहिरीच्या पाण्याशिवाय तिची डाळ शिजत नाही. आठव्या हिश्शालाही तयार. "अल्लान सांगलां तितलें पुरो."
"अगं, अर्धं तुझं आहे!"
"अर्धें घेवन हांव कितें करूं? नाचूं?"

१० नोव्हें.
अम्मीला घेऊन म्हापशाला वकीलबाईंकडे. पहिलाच प्रश्न: "लग्नाच्या दोन्ही सह्या झाल्यात ना?"
आमच्याकडे सरकारदरबारी दोनदा सही. पहिली इराद्याची, काही दिवसांनी दुसरी. दुसरी झाली की लग्न.
अम्मी शांतपणे म्हणाली, "एक केल्ली. दुसऱ्या वेळार तिच्या अब्बाक ट्रकाची ट्रीप मेळ्ळी. तो म्हणालो, मागीर वचूं."
निकाह झाला, बिर्याणी झाली. मग सहीला कोण जातो? 'मागीर' म्हणजे नंतर; आमच्या घरात त्याचा अर्थ कधीच नाही.
वकीलबाईंनी चष्मा काढला. मुलांच्या जन्मनोंदणीत बापाचं नाव आहे, तुमचं भागेल. पण कायद्याने या त्यांच्या पत्नी नव्हेत. लढता येईल. वर्षं जातील.
बसमध्ये अम्मी: "म्हणजे हांव कोण गे?"
मी कंडक्टरकडे डिचोलीची दोन तिकिटं मागितली. 

११ नोव्हें.
भाईला सांगणं भाग होतं. हसला असता तर बरं झालं असतं.
"तुझ्या कायद्यात अम्मी शून्य आणि तू अर्धी. माझ्या शरियतमध्ये अम्मीला आठवा. आता लिही पेपरात."
दाढीवाल्यांची टर उडवत इतकी वर्षं सदर चालवलं. आता माझ्या आईच्या बाजूला उभी आहे ती एक दाढी, तीही परवा वाढवलेली.
मी म्हटलं, ठीक. शरियतप्रमाणे करू. खोली आणि बांय अम्मीच्या नावावर कर. मी सही देते.
"तुझी एकटीची चालत नाही. नवऱ्याचीही लागते."
खरंय. माझ्या वाट्यातलं अर्धं माझ्या नवऱ्याचं, सलीमचं. तोच कायदा.

१३ नोव्हें., म्हापसा
सलीमचं कापडाचं दुकान मंद चाललंय, त्यामुळे डोकं तेज चालतं.
"अर्धं म्हणजे अर्धं. खैरात करायची तर तुझ्या भावानं करावी."
"अम्मी कुठे जाईल?"
"येऊ दे आपल्याकडे."
'आपल्याकडे' अशा सुरात म्हणाला की अम्मीने ऐकलं असतं तर बिछाना गुंडाळून सरळ कबरस्तानात गेली असती.
माझ्या हिश्शातून तिला खोली देते म्हटलं. त्यालाही त्याची सही.
बायकांना समान वाटा देणाऱ्या या कायद्याचं कौतुक मी जाहीर सभेत केलंय. टाळ्याही पडल्या होत्या.

१८ नोव्हें.
खोली नि बांय अम्मीला सोडून बाकीचं बिल्डरला द्यायला भाई कबूल. शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजानंतर नोटरीकडे जायचं ठरलं.
सलीम: "शुक्रवारी? बाजाराच्या दिवशी दुकान टाकून?"
तो नाही म्हणत नाही. बाजार म्हणतो.

२१ नोव्हें., शुक्रवार
सलीम आला. उशिरा, पण आला. अम्मी इस्त्रीची साडी नेसून बाकावर बसलेली. भाईची नि भाभीची सही झाली, माझी झाली. सलीमने पेन घेतलं आणि थांबला.
"सही करतो. आधी यात घाला, अम्मीचं दुखणंखुपणं, दवाखाना, सगळं भाईकडे."
भाई म्हणाला, "आठव्या हिश्शात एवढं बसत नाही."
"मग तुमच्या दोन वाट्यांत बसवा."
"तू जावई ना रे? लाज…"
"तुम्ही मुलगा ना?"
नोटरीने कागद आपल्याकडे ओढून घेतला. आधी ठरवा म्हणाला, सोमवारी या.
अम्मी उठली. दोघांकडे बघितलंसुद्धा नाही. "शमीम, म्हाका घरा व्हर."
रिक्षावाल्याने विचारलं, खंय?
मी अब्बांच्या घराचा पत्ता सांगितला. अजून तोच आहे.