काळ्या दारातली पायरी

प्रिय दादा,

मागच्या पत्रात मी तुला एक गोष्ट चुकीची कळवली. ती आधी दुरुस्त करते, बाकीचं मग. मी लिहिलं होतं की गाडीच्या दारात बाबा दिसतात, आणि ते बाबाच, कारण फडकं त्यांच्या उजव्या हातात असतं. कुणीतरी दिसतं हे खरं. फडकंही खरं. उजवा हात तेवढा चुकला.

तू पत्रं न फोडता उशाखाली ठेवतोस आणि महिन्याभराने एकदम वाचतोस, म्हणून पहिल्यापासून सांगते. बाबा गेले तेव्हापासून गाडी मागच्या अंगणात भिंतीला लागून उभी आहे. आईचा हुकूम असा की गाडी फाटकाबाहेर जायची नाही आणि तिची चमकही जायची नाही. बाबांनी जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या, ही एकच त्यांची स्वतःची, त्यामुळे मी वाद घातला नाही. सुट्टीच्या दिवशी मीच ती धुते. तू बघायला हवंस. दोन बादल्या, एकीत साबणाचं पाणी, दुसरीत फडकं खळबळून काढायला साधं. आधी टप, मग काचा, मग दारं, चाकं सगळ्यांत शेवटी. उन्हात कधीच नाही. पाणी घासून नाही, टिपून काढायचं. मग हाताला पातळ पिशवी चढवून पत्र्यावरून फिरवायची, म्हणजे डोळ्याला न दिसणारी कचकच बोटांना कळते. ती निघाली की मेण, अगदी पातळ, आणि मग हात आवरून वाट बघायची. बाबा म्हणायचे तसं, 'साय धरू दे गं, घाई कसली, दूध आहे का उतू जायला!' मेणावर पांढुरकी साय धरली, बोट फिरवून ती कोरडी निघाली, की पुसायचं, पुढून मागे, सरळ रेषेत. गोल नाही. काळ्या रंगावर गोल फिरवलं की उन्हात कोळ्याची जाळी दिसते. पांढरी गाडी सगळं पोटात घालते आणि काळी चहाडी करते, हे वाक्य तू माझ्याहून जास्त वेळा ऐकलंयस. तुझा डावखुरा हात गोल गोल फिरायला लागला की बाबा पायरीवरूनच ओरडायचे, 'अरे, गाडी पुसतोयस की कढई घासतोयस?' आणि तू मुद्दाम आणखी एक मोठा गोल काढायचास.

घराच्या मागच्या दाराच्या त्याच पायऱ्या गाडीच्या बरोबर समोर येतात. चालवणाऱ्याच्या बाजूचं दार पुसून झालं की त्यात पायऱ्या दिसतात, वाळत घातलेले कपडे दिसतात, मी दिसते. आणि माझ्या मागे दुसऱ्या पायरीवर कुणीतरी बसलेलं असतं. कोपर गुडघ्यावर, खांदे पुढे झुकलेले, जशी आपल्या घरच्या पुरुषांची बसायची रीत. दाराच्या फुगवट्यात चेहरा ताणला जातो, तो ओळखू येत नाही. हात तेवढा दिसतो. फडकं घेतलेला हात, सावकाश हलणारा. मान वळवून पाहिलं की पायरी मोकळी. पुन्हा दारात पाहिलं की बसलेलं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा फडकं तिथेच टाकून वर पळाले. खालचे शिंपीकाका खिडकीतून म्हणाले, 'काय गं मास्तरीणबाई, गाडीने दात दाखवले का?' मी म्हटलं, 'पाल होती.' ते म्हणाले, 'एवढं शिकून पालीला घाबरतेस, मग शाळेत घातलं कशाला तुला!' मला हसायला आलं नाही.

मी भित्री आहे हे तू जाणतोस, पण मी खोटं सांगत नाही हेही जाणतोस. घरात पहिली मीच शिकले, म्हणून तर सगळे मास्तरीण म्हणता, आणि त्यामुळेच दिसलेलं तपासून घ्यायचं हे मला अंगवळणी पडलंय. मी जागा बदलून पाहिली, ढगाळ दिवशी पाहिलं, मेण लावायच्या आधी आणि नंतर पाहिलं. मेणाआधी काही नसतं. दार पूर्ण चमकलं की असतं.

आईला सांगायचं नव्हतं, पण तिने माझ्या तोंडावरून ओळखलं. ती खाली आली, दाराशी वाकली आणि कितीतरी वेळ तशीच राहिली. मला वाटलं, आता कोसळते. ती सरळ झाली आणि म्हणाली, 'घ्या! जिवंतपणी कधी इतका वेळ एका जागी बसले नाहीत.' दादा, बाबा गेल्यापासून तिच्या तोंडून आलेला तो पहिला विनोद. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी ती केस विंचरते, बरी साडी नेसते, दोन कप चहा करते, एक पायरीवर ठेवते आणि स्वतः गाडीकडे तोंड करून स्टुलावर बसते. नळाची गळती, माझं कामाला उशिरा जाणं, शिंप्याने बिघडवलेला ब्लाऊज, सगळं त्या दाराला सांगते. मधूनच मला विचारते, 'हसले का गं? मला नीट दिसत नाही.' मी म्हणते, चेहरा स्पष्ट नाही आई. ते खरंच आहे. ती जेवायला लागली आहे. रात्रीची झोपते आहे. हे सगळं मी तुला आनंदाने कळवलं होतं.

आता माझी चूक कशी सापडली ते सांगते. मी काम करते त्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची खोली लांबीला अपुरी आहे. म्हणून अक्षरांचा तक्ता माणसाच्या पाठीमागे लावलेला आहे, आणि समोर आरसा. माणूस आरशात बघून वाचतो. त्यासाठी तो तक्ता मुद्दाम उलटा छापलेला असतो, म्हणजे आरशात सुलटा होतो. गेल्या आठवड्यात एक आजोबा तपासायला आले. खुर्चीत बसायच्या आधी मागे वळले, तक्ता पाहिला आणि म्हणाले, 'पोरी, हा तर चुकीचा छापलाय.' मी रोज दहा जणांना सांगते तेच हसून सांगायला लागले, 'आजोबा, आरशात सगळं उलटं होतं, डाव्याचं उजवं.' आणि वाक्य माझ्या तोंडातच राहिलं. आजोबांनी विचारलं, 'बरं वाटत नाही का?' मी म्हटलं, ओळ वाचा.

गाडीचं दारही आरसाच की. त्यात उजवा दिसणारा हात पायरीवर डावा असतो.

तरीही मी लगेच विश्वास ठेवला नाही. घरी येऊन स्टुलावर बसले, उजव्या हातात फडकं धरलं आणि दारात पाहिलं. डावा दिसला. मग डाव्यात धरलं. तिथे जो हात मी इतके दिवस पाहत होते तोच मला दिसला, माझ्या स्वतःच्या अंगाला लागलेला. मी फडकं खाली ठेवलं. आणि मग ती गोष्ट आठवली जी दिसत असूनही मी मनाआड केली होती. तो हात सरळ रेषेत हलत नाही, दादा. तो गोल फिरतो.

काल पुन्हा गाडी धुतली. दाराला मेण लावलं, सरळ रेषेत, आणि साय धरेपर्यंत आईला औषध द्यायला वर गेले. खाली आले तर सायीवर गोल उमटलेले होते, एकात एक. फाटकाला आतून कडी होती. शिंपीकाकांना विचारलं, ते म्हणाले, 'मी इथेच काज करत बसलोय, मांजरसुद्धा फिरकलं नाही.' मी खाली बसून ते गोल नीट पाहिले. साय कुठल्या बाजूला ढकलली गेली आहे त्यावरून हात कसा फिरला ते कळतं. मी उजव्या हाताने सहज गोल काढला तर तो घड्याळाच्या उलट जातो, आईचाही तसाच. हे गोल घड्याळाच्या दिशेने गेलेले होते. घरात तसा गोल काढणारा एकच हात होता आणि त्याबद्दल त्याने पायरीवर बसलेल्या बाबांची बोलणी खाल्ली होती. सगळ्यात शेवटी एक मोठा होता. मुद्दाम काढल्यासारखा.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. मी ते गोल पुसून टाकले, घाईघाईने, सरळ रेषेत. तिने कप पायरीवर ठेवला, दाराकडे पाहिलं आणि म्हणाली, 'आज तरुण दिसतायत, नाही?' आयुष्यात पहिल्यांदा मी गप्प राहिले आणि ते खोटं बोलण्यासारखं वाटलं. दारात दिसणारे बाबा आहेत तोवर ती सुखात आहे. ते बाबा नाहीत हे मी तिला कोणत्या तोंडाने सांगू? आणि पुढचं वाक्य? ते तर मी या कागदावरही लिहीत नाही.

तुझा फोन लागत नाही. आई म्हणते, त्यात नवल काय, तो दर पावसाळ्याला नंबर बदलतो. तू कामाला आहेस त्या गोदीच्या कचेरीत फोन केला, तर कुणी म्हणालं तुमची जहाजं रंगवणाऱ्यांची तुकडी दुसऱ्या जहाजावर गेली, कुणी म्हणालं विचारून कळवतो. कळवलं नाही. तुझ्या खोलीच्या पत्त्यावर पाठवलेली माझी पत्रं परत आलेली नाहीत, मी त्यालाच धरून बसले आहे. तू आळशी आहेस, तू रागावला आहेस, तू कुणाच्या तरी प्रेमात पडून घर विसरला आहेस, यातलं काहीही मला चालेल. म्हणून हे पत्र. हे मिळालं तर एक ओळ पाठव. ओळ नको असेल तर कोऱ्या कागदावर एक गोल काढून पाठव, मला हात ओळखता येतो. नाही पाठवलंस तरी मी निघते. आईचा हुकूम मोडून गाडीनेच येते, बॅटरी भरून घेतली आहे, आईला सांगणार आहे की दादाकडे जाते, आणि ते खरंच असेल. दाराला पुन्हा मेण लावलंय आणि या वेळी मुद्दाम पुसलेलं नाही. सायीसकट आणणार आहे, म्हणजे वाटेत उतरले तरी मला त्यात मागचं काही दिसणार नाही. तू खोलीच्या दारात उभा राहून म्हणायचंस, 'मास्तरीणबाई, रबरावर मेण फासलंय, डोळे तपासणारीचे डोळे कुठे होते?' तेवढंच म्हण. फडकं मी आणते, तुला हवं तसं गोल फिरव, मी एक शब्द बोलणार नाही. रविवारी, सतरा तारखेला, उजाडताच फाटक उघडते.

तुझीच,
मास्तरीण