मागची सरकती काच

डेन्व्हर, ५ जानेवारी १९८६

ती. आईस रॉइसचा सा. न. वि. वि.

पिकअप गाडी ओढ्यात गेल्याचं शेजारच्या हॅरोल्डकाकांकडून कळलं, तुझ्याकडून नाही. गाडी पहिल्या गिअरात रांगत सोडायची आणि आपण मागे हौद्यात उभं राहून गाईंना गवत टाकायचं, हे बाबांना जमायचं. गाडी वळवायची झाली की ते उडी मारून पुढे जाऊन स्टिअरिंग धरायचे. तुझे गुडघे तसे आहेत का? पुन्हा असं झालं तर गाई विकायच्या, हे तू मागच्या वेळीच कबूल केलं होतंस. महिनाअखेरीस येतोय, व्यापाऱ्याशी बोलून ठेवलंय. रागावू नकोस.

तुझा रॉइस

कॉटनवुड, वायोमिंग
१४ जानेवारी

चि. रॉइसला अनेक आशीर्वाद.

व्यापाऱ्याला खुशाल आण, कॉफी पाजीन. हॅरोल्डच्या पोटात काही राहत नाही, पण यावेळी कामाला आला म्हणून माफ. भंगारातल्या गाडीची सरकती काच आणून आपल्या गाडीला मागे बसवली. तिच्या रबराच्या खाचेत दोरी घातली, साबणाचं पाणी लावलं. हॅरोल्ड बाहेरून दाबत होता, मी आतून दोरी ओढत गेले, तसं रबर पत्र्याच्या काठावर चढत गेलं. सगळं झाल्यावर बघतो तर काच उलटी, कडी बाहेर. हॅरोल्ड चरफडत काढायला निघाला. मी म्हटलं, राहू दे, उघडणारी मी बाहेरच असणार आहे.

आता हौद्यातूनच काच सरकवते आणि फावड्याच्या दांड्यानं स्टिअरिंग ढकलते. थांबायचं असेल तर गिअरला बांधलेली दोरी ओढते, की गिअर सुटतो. गाई गेल्या तर सकाळी उठून मी करू काय, हे तुझ्या व्यापाऱ्याला विचारून ये.

वेळेवर जेवत जा.

तुझी आई

डेन्व्हर, २ फेब्रुवारी

ती. आईस सा. न.

एक गोष्ट तुला सांगितली नाही. शनिवारी मी दुपारी नाही, सकाळीच पोचलो होतो. टेकडीवर थांबून तुला बघत होतो. गाडी ओढ्याकडे वळली आणि मी बर्फातून धावत सुटलो. तू मात्र हातातलं गवत नीट खाली टाकलंस, मग वाकून काच सरकवलीस आणि दांडा आत घातलास. गाडी मुकाट्यानं वळली. आणि वर गाडीतली ऊब जाऊ नये म्हणून काच लावून घेतलीस. मी अर्ध्या वाटेत तसाच उभा. आई, धन्य आहेस तू. मागून गाई शिस्तीत येत होत्या, आणि मी त्यांचा सौदा ठरवून आलो होतो.

व्यापाऱ्याला नको म्हणून कळवलंय. मार्चमध्ये आठवड्याची रजा टाकलीय. मला हे काम शिकव.

माया आहे तशीच असू दे.

तुझा रॉइस