गंगेतल्या बेटावरच्या काळ्या टोप्या

१० एप्रिल १९५५
शाळा सकाळची. उन्हं उतरल्यावर एकटाच गंगेवर (गावच्या नदीला इथं गंगाच म्हणतात). मधल्या वाळूच्या बेटावर का. टो.ची जोडी. (पांढरे पक्षी, डोक्यावर काळी टोपी. गावात नाव कुणाला ठाऊक नाही, म्हणून हे माझं.) एकानं मासा आणून दुसरीला भरवला. घरी उशीर. विमल जेवायची थांबलेली. लग्नाला वर्ष होत आलं. मानवतच्या भरल्या घरातली, इथं गप्पच असते. माशाचं सांगितलं तर हसली.

१४ एप्रिल
वि.ला नेलं. गुडघाभर पाणी. उघड्या वाळूत अंडी, वाळूच्याच रंगाची. पाय पडता पडता राहिला. का. टो. डोक्यावर झेपावायला लागल्या. वि. पदर घट्ट धरून खाली बसली, पण परत फिरू म्हणेना.

१७ एप्रिल
बेटाच्या खालच्या अंगाला नामदेवची टरबुजाची वाडी. टरबुजं संपत आली, आता वेलांवर म्हशी सोडणार म्हणाला. वाट अंड्यांवरूनच. वि. दोनदा म्हणाली, तुम्ही सांगा. संकोच वाटत होता, तरी सांगितलं. नामदेव हसला, अंडी फुटेपर्यंत थांबतो म्हणाला. भला माणूस.

२३ एप्रिल
वि. माझ्याआधी तयार. का. टो. पाण्याला पोट घासून येते आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसते, हे तिनं पाहिलं. येताना वाटभर बोलत होती. मी नुसता ऐकत. बरं वाटलं, फार.

१ मे
घरटी रिकामी. बसून राहिलो. मग एक का. टो. मासा घेऊन थेट वाडीत उतरली. पिल्लं टरबुजाच्या पानांखाली, सावलीला!

३ मे
नामदेव भेटला. "गुरुजी, अंडी तर फुटली. वेल वाळायलेत, म्हशी सोडतो उद्या."
मी शब्द जुळवत होतो. तेवढ्यात वि. (परक्याशी कधी न बोलणारी) म्हणाली, "भाऊ, पिल्लं तुमच्याच वेलाखाली आहेत. उडेपर्यंत राहू द्या."
म्हशीला दुसरा चारा न्हाई, एवढंच म्हणाला. मग वाकून एक टरबूज तोडलं, वि.च्या हातात दिलं. ‘हो’ म्हणाला नाही, ‘नाही’ही म्हणाला नाही.

५ मे
म्हशी अजून पलीकडच्या काठाला बांधलेल्या. पिल्लांना पंख कधी फुटतील, आम्हा दोघांनाही कळत नाही. संध्याकाळी जरा लवकर निघू, वि. म्हणते.