पाणी उतरलं म्हणायचं कुणी

२४ जुलै, बुधवार
पाणी गल्लीच्या तोंडाशी. दुपारी घर सोडलं. दुकानातली आजऱ्याच्या तांदळाची पोती माळ्यावर, फ्रीज टेबलावर, टेबल कॉटवर. शेजारच्या रफिकचं शिलाईचं दुकान आमच्या भिंतीला लागून. स्वतःच्या मशिनी खाली ठेवून तो आधी आमच्याकडे राबला. आता सगळे राजारामपुरीत, वन्संच्या घरी. हे, मी, आमची लेक समू, आप्पा. कुठे पाय ठेवावा तर कुणाची तरी गादी.

आप्पा मजेत. सासरा माझा जगावेगळा. पाणी चढत असतं तोवर याला काही होत नाही. रिक्षात बसून गल्लीतल्या पोरांना हात करत होते, वरातीला निघाल्यासारखे.

२५ जुलै, गुरुवार
पाऊस. वन्संचे मालक सकाळपासून मोबाइलवर पुराचे व्हिडिओ बघतात आणि धरून धरून दाखवतात. एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. आज दुसरा. भाकऱ्या मीच थापल्या. हात चालले की तोंड गप्प राहतं.

समूने आप्पांना विचारलं, आज्जा, तुला भीती कशी वाटत नाही? म्हणाले, "चढतं पाणी सांगून येतंय की. त्याचं काय भ्या?"
मग कशाचं वाटतं, तिने विचारलं. मी आत निघून गेले.

२७ जुलै, शनिवार
वीज नाही. रफिक बोटीतून बघून आला. आमच्या दुकानात छातीभर पाणी. त्याच्या मशिनी गेल्या. हसत सांगत होता, ते बघवेना.

समूला वन्संच्या कपाटात फोटो सापडला. पा., श्रवणबेळगोळच्या पायऱ्यांवर, टोपी उलटी घातलेली. (पूर्ण नाव लिहायला हात अजून वळत नाही.) तिचा भाऊ. ती जन्मायच्या आधीच गेला, नऊ वर्षांचा. समुद्रात गेला, एवढंच तिला ठाऊक. आज म्हणाली, त्याला पोहता येत नव्हतं का?
येत होतं. आप्पांनीच शिकवलेलं, पंचगंगेत.
हे चप्पल घालून बाहेर गेले, पावसातच.

२८ जुलै, रविवार
काल समूला अर्धंच सांगितलं. इथे पूर्ण लिहिते.

तोही रविवारच होता. डिसेंबरात वीस वर्षं होतील. गोमटेश्वराचं दर्शन झालं, यात्रेची बस पुढे कन्याकुमारीकडे निघाली. वाटेत कोळ्यांचं गाव लागलं. पांढरं चर्च, वाळत घातलेली जाळी, नावा ओळीने. इतकी शांत जागा मी पाहिली नव्हती. आचाऱ्याने रस्त्याकडेला उप्पीट टाकलं. आम्ही बायका म्हणत होतो, इथेच राहावं बाई चार दिवस.

समुद्र आमच्यापैकी कुणीच आधी पाहिलेला नव्हता. सगळी नदीकाठची माणसं. बघता बघता पाणी मागे सरायला लागलं. लांबपर्यंत वाळू उघडी पडली, नावा कलंडल्या, मासे तडफडत होते. खडकावर ओली रेघ राहिली.

आमच्या गल्लीत पूर आला की भिंतीवरची ओली रेघ बघून आप्पा सांगायचे, पाणी उतरलं. मग बायकांनी खराटे उचलायचे. आप्पांचा शब्द म्हणजे शब्द. त्या दिवशी खडकावरची रेघ बघून ते त्याच आवाजात म्हणाले, "पाणी उतरलं की. जा रं, शिंपलं घिऊन ये."
पा. धावला. बाकीची पोरंही निघाली होती, पण आचाऱ्याने खायला हाका मारल्या म्हणून ती मागे वळली.

मग पाणी आलं. चढलं म्हणता येणार नाही. आलं.

आप्पा पहिले धावले. हेही लिहिलं पाहिजे. त्यांना कोळ्यांनी ओढून काढलं, डावा हात कोपरात मोडलेला. तो अजून सरळ होत नाही. पा. सापडला नाही. त्याची सीट रिकामी ठेवून बस कोल्हापूरला आली. त्या दिवसापासून या घरात 'पाणी उतरलं' असं कुणी म्हणालेलं नाही. आप्पा नाहीत, मीही नाही. आणि मी त्यांना एका शब्दाने बोललेले नाही. दोन्ही वेळेला ताट वाढलं, त्यांच्या गोळ्या दिल्या. राग पोटात ठेवला. इतकी वर्षं ठेवलेला राग नासतो की मुरतो, कोण जाणे.

३० जुलै, मंगळवार
ऊन. पाणी मागे सरकतंय. गल्लीतले सगळे निघाले. पाणी हलतंय तोवर त्याच्याबरोबरच गाळ लोटायचा असतो, एकदा वाळला की कुदळीशिवाय निघत नाही. यांनी खराटे, फावडं काढलं.

आप्पा उंबऱ्यावर बसले. "कुणी जायाचं न्हाय." हे समजावत होते, मग ओरडले. आप्पा हलेनात. समू त्यांना ओलांडून निघाली तर त्या वाकड्या हाताने तिचं मनगट धरलं. आज कुणीच गेलं नाही. वन्सं कुजबुजल्या, म्हातारा चळला. ज्याचं जळतं त्याला कळतं, वन्सं.

३१ जुलै, बुधवार
आजही तेच. उंबरा, मनगट. समू रडकुंडीला आली. म्हणाली, आज्जा, दुखतंय, सोड की.
आणि मी बोलले. ठरवून नाही. हातात चहाचा कप होता.
"त्या दिवशी असा धरला असता हात, तर बरं झालं असतं आप्पा."

आप्पांनी बोटं एकेक करून उघडली. समू माझ्याकडे बघत राहिली. शनिवारी अर्धं सांगितलं होतं, आज उरलेलं तिला कळलं. हे तिला घेऊन गल्लीत गेले, दुकान झाडायला.

बोललं की मोकळं वाटतं म्हणतात. मला काही मोकळं वाटलं नाही. आप्पांनी दिवसभर पाणीसुद्धा घेतलं नाही. संध्याकाळी ताट घेऊन गेले. सूर्य मावळल्यावर ते खात नाहीत, म्हणून दिवस असतानाच दोनदा गेले. तोंड भिंतीकडे.

१ ऑगस्ट, गुरुवार
सकाळी आप्पा घरात नाहीत. वन्संनी माझ्याकडे जे बघितलं ते लिहीत नाही. हे रंकाळ्याकडे गेले, वन्संचे मालक स्टँडवर. माझ्या मनात एकच, नदी. मीच पाठवलं त्यांना नदीत.

रफिकचा फोन आला. "भाभी, आप्पा हितं हाईत. गल्लीच्या टोकाला. येईनात झालेत."

गेले. गल्लीच्या खालच्या टोकाला, जिथे चिखल संपतो आणि पाणी सुरू होतं, तिथे गुडघाभर पाण्यात उभे. पाठ घराकडे, तोंड नदीकडे. धोतर गाळाने भरलेलं. समू माझ्याबरोबर आलेली, ती मागे दुकानात खराटा मारायला लागली.
म्हटलं, घरी चला.
म्हणाले, "तुमी झाडा. मी हितं थांबतो. आलं तर आधी मला गाठंल."

रफिकने खुर्ची आणून दिली, बसले नाहीत. दुकान धुवून होईपर्यंत तसेच उभे.

२ ऑगस्ट, शुक्रवार
आप्पांना ताप आहे, तरी आले. आज पाणी आणखी खाली, म्हणून तेही आणखी खाली गेले. पाणी जितकं मागे जाईल तितके हे पुढे. गल्लीतल्या बायका खराटे टेकून विचारत होत्या, आप्पा, उतरलं का हो, पोरं आणू का घरी? जुनी सवय. आप्पा ऐकून न ऐकल्यासारखे.

दिवस मावळायच्या आत डबा घेऊन खाली उतरले. पहिल्यांदाच त्यांच्या शेजारी पाण्यात उभी राहिले. पाणी गार होतं. त्यांनी डबा घेतला नाही. समोरच्या भिंतीकडे बोट केलं. तिच्यावर ओली रेघ होती, पाण्याच्या हातभर वर.

"बघ गं सुरेखा. उतरलंय का? मला आता कळत न्हाय."

मी रेघ बघितली. मागे वरून समू हाक मारत होती, आई, मी खाली येऊ का?

आप्पा माझ्या तोंडाकडे बघत होते. मी त्यांचा वाकडा हात धरला.