देणगीतला आंबा

आप्पा, आपल्या संस्थेला ते पारदर्शकतेचं प्रमाणपत्र हवं असेल तर विश्वस्तांमध्ये बाहेरचं कुणीतरी घ्यावं लागणार होतं, आणि सभेत सगळ्यांनी मिळून कुणाचं नाव काढलं असेल? तुमच्या लाडकीचं! तुम्ही असतात तर मिशीतल्या मिशीत हसला असतात. मी मात्र चहाचा कप तसाच खाली ठेवला.

प्रमाणपत्राचं तुम्हाला सांगायला हवं, कारण तुमच्या वेळी ही भानगड नव्हती. तुमच्या वेळी फाटकावरचा फळा होता. कचेरीतून आलात की शर्टही न बदलता खडू घेऊन लिहायला उभे राहायचात: आज तांदूळ कुणाकडून आले, सिव्हिलमध्ये पेशंटच्या माणसांना किती डबे गेले, काय उरलं. येणारा-जाणारा वाचायचा. एखादा खवचट थेट आमच्या मागच्या मांगरात शिरून चुलीवरच्या टोपाचं झाकण उघडून बघायचा, आणि तुम्ही त्यालाच पाट मांडून जेवायला बसवायचात. आता मुंबईच्या कंपन्या फळा वाचायला येत नाहीत. प्रमाणपत्र आहे का, एवढंच विचारतात. नाही म्हटल्यावर आपला सगळ्यांत मोठा देणगीदार गेला आणि रात्रीचे डबे बंद करावे लागले. आणखी एक गेला असता तर दुपारची चूलही विझली असती. म्हणून अर्ज केला. पुण्याहून एक पोरगी तपासायला आली, माझ्या लेकीच्या वयाची. सगळं बघितलंन्, पिठी-भात दोनदा वाढून घेतलान्, आणि हात धुऊन झाल्यावर म्हणते, "मॅडम, काम छानच आहे. पण पाचातले तीन विश्वस्त एकाच घरातले. तुम्ही, तुमचे भाऊ आणि वहिनी. हे नियमात बसत नाही." मी म्हटलं, "अगं, हे घरच संस्थेचं आहे." ती म्हणाली, "तेच तर म्हणतेय मी."

वहिनी तर सुटल्यासारखी लगेच बाजूला झाली. तिच्या जागी कोण, हा प्रश्न निघाल्यावर विश्वस्तांतले आपले बागवाले काका म्हणाले, "अगो, पालीची ती आहे की! तिच्या संस्थेला कधीच मिळालंय प्रमाणपत्र. आप्पांच्या हाताखाली तयार झालेली बाय." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या अंगाची नुसती आग झाली. संस्था तुमची, मुलगी मी, आणि हाताखाली तयार झालेली कोण, तर ती!

तो मे महिना अजून डोळ्यांसमोर आहे. कुणीतरी सिव्हिलच्या पेशंटांसाठी हापूसची पेटी आणून दिलेली. मी आठ वर्षांची, वास आला म्हणून एक उचलला, तर तुम्ही सगळ्यांच्या देखत माझ्या हातातून काढून घेतलात. "ठेव तो. पेटी आपली नाही." बस्स, एवढंच. मी माजघराच्या खिडकीत रुसून बसले. आणि दुपारी बघते तर काय, तुम्ही मागच्या पायरीवर बसला आहात, त्याच पेटीतला आंबा सोलताय, आणि एकेक फोड तिच्या तळहातावर ठेवताय. ती म्हणजे सिव्हिलमध्ये पडलेल्या एका बाईची मुलगी, लांज्याकडच्या कुठल्याशा वाडीतली, आपल्याकडे जेवायला यायची. माझ्याच वयाची. किती सावकाश सोलत होतात तुम्ही! मधेच थांबत होतात, तिच्याकडे बघत होतात. मला कधी सोलून दिलात? आपल्या घरात ज्याने त्याने आपापला चोखायचा आणि विहिरीवर तोंड धुऊन यायचं.

पुढे कधीतरी तिची आई वारल्याचं माझ्या कानावर आलं, आणि ती आपल्याकडेच राहिली. डबे घेऊन तुमच्याबरोबर सिव्हिलला ती. फळ्यावर अक्षर तिचं. मी खडू मागितला तर म्हणालात, "घरच्यांनी लिहू नये. लोकांना शंका येते." म्हणजे परकी म्हणून तिला सगळं आणि पोटची म्हणून मला नन्नाचा पाढा. पुण्याच्या पोरीचा तो नियम मी तिच्या जन्माआधीपासून भोगतेय हो! पुढे ती पालीला गेली, स्वतःची संस्था काढलीन्, तेव्हा मी मनातल्या मनात पेढे वाटले होते.

परवा ती संमतीच्या कागदावर सही करायला आली. येताना मांगरासाठी आंब्याची पेटी. रिक्षातून उतरत नाही तोच म्हणते, "आधी पावती फाड गो, मग पेटी आत ने." म्हटलं, झाली हिची सुरुवात. तरी घरी आलेल्या माणसाला काही द्यावं म्हणून मी आमचे घरचे दोन कापून बशी पुढे केली. तिने ती हळूच सरकवली. "मी आंबा खात नाही."

मग माझा तोल गेला. "हो बाई, तू कशाला खाशील आमच्या हातचा! तुला आप्पांनी सोलून भरवायची सवय." ती हसली. मग मी हसत नाही हे तिच्या लक्षात आलं. "तुला ठाऊक नाही होय?" म्हणाली. "आई त्याच दुपारी गेली होती. आप्पा तिथूनच आलेले. मला म्हणाले, आधी एवढं खा. मला कळलं होतं गो, काहीतरी झालंय. एवढा वेळ कुणी आंबा सोलतं होय? हा संपला की ते सांगणार, म्हणून मीपण चघळत बसले होते."

बशी आत नेऊन ठेवली, सुरी धुतली, ओटा पुसला. बाहेर आले तेव्हा तिची सही झाली होती. जाताना तिने फाटकावरचा फळा पदराने पुसला आणि खडू मागितला. मी दिला. पेटी तिनेच लिहिली.

आप्पा, इतकी वर्षं मी त्या फोडींवर जळत होते. आता मनाला चटका बसायला हवा, बसलाही. पण हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून खरं ते लिहिते. आज सकाळी त्याच पायरीवर आंबा घेऊन बसले. घाबरू नका, बाजारातून माझ्या पैशांनी आणलेला. तुमच्यासारखा सावकाश सोलायला गेले, आणि सगळं कळूनसुद्धा वाटलं, एकदा तरी माझ्यासाठी सोलायला हवा होतात.